मालकांची यादी

"आता पाय काढ," अबू नबील म्हणाला.

लुबनाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. नव्या सायलेन्सरची गुरगुर उतरत गेली आणि शेवटी दोनदा फटफट झाली. अबू नबील गाडीमागे उकिडवा बसून, डोळे मिटून ऐकत होता. आवाज पास झाला. पण मागच्या स्प्रिंगा दोन बोटं वर घे म्हणाला, नाहीतर अम्मानच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडून निघेल. लुबना दातांची डॉक्टर होती, तिच्या खुर्चीत बसलेला माणूस तिच्यापुढे चकार शब्द काढत नसे. इथे मात्र तिने निमूट मान हलवली.

दर शुक्रवारी सकाळी अम्मानबाहेर नाऊरच्या रस्त्यावर, फलाफलवाल्यासमोर अकरा जण जमत. दहा जणांकडे एकाच जातीची गाडी: जुनी, जपानी, दोन सीटची, छत उघडणारी. कुणी चाकं रुंद केलेली, कुणी टर्बो बसवलेला. पुदिन्याचा चहा हातात आणि डोकं दुसऱ्याच्या बॉनेटखाली, असा तासभर जाई. मग छतं उघडून सगळे रांगेने मृत समुद्राकडे उतरत. वळण आलं की पुढचा हॉर्न देई, मागचे नऊ त्याला उत्तर देत.

अकरावा अबू नबील. भूमिती शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तो कुणाच्यातरी शेजारी बसे, टोपी हाताने दाबून धरी आणि प्रत्येक वळणावर पोरासारखा हसे. त्याची गाडी कुठे आहे असं कुणी विचारलं तर तो म्हणे, काम चालू आहे. ते काम सोळा वर्षं चालू होतं.

यझनला हे खटकायचं. तो सहा महिन्यांपूर्वी या क्लबात आला होता, पिवळ्याधमक गाडीतून. त्याच्या गाडीइतका पैसा कुणीच ओतला नव्हता. पहिल्याच दिवशी अबू नबीलने तिचा आवाज ऐकून टर्बोची नळी गळते म्हणून सांगितलं होतं. नळी खरोखरच गळत होती, आणि तेच यझनला जास्त लागलं.

वसंतात क्लबला एक मोठी परवानगी मिळाली. एका शुक्रवारी सकाळी डोंगराचा रस्ता दोन तास बंद ठेवून फक्त यांच्या गाड्यांना सोडणार होते. त्यासाठी सभासदांची यादी पाठवायचं काम नव्या चिटणिसाकडे, म्हणजे यझनकडे आलं. त्याने जाहीर केलं की हा गाडीमालकांचा क्लब आहे, तेव्हा ज्याच्या नावावर गाडी, तोच सभासद. पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने नोंदणीचं कार्ड आणावं.

अबू नबीलकडे कुणी पाहिलं नाही. औषधांच्या दुकानाचा मालक घस्सान चहा ढवळत राहिला, साखर केव्हाच विरघळली होती. मग सगळेच एकदम बोलू लागले. इतकी वर्षं कार्डांवाचून काही अडलं नाही, म्हातारा माणूस आहे, कशाला दुखवायचं. नियमाला एवढा विरोध होईल असं यझनला वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात तो मुद्दाम अबू नबीलच्या घरावरून गेला. अंगणात अंजिराखाली गाडी होती खरी, पण विटांवर. चाकं नाहीत, सीटं नाहीत, बॉनेटखाली रिकामा खड्डा. शेजाऱ्याने सांगितलं की मास्तरांनी ती भंगारवाल्याकडूनच आणली असावी. भंगाराला कसले कागद, असं म्हणत यझन निर्धास्त परतला.

लुबनाने त्याला दवाखान्यातून फोन केला.

"अबू नबीलकाकांच्या गाडीचा गिअरबॉक्स कुठे गेला माहीत आहे? घस्सानच्या गाडीत. माझं स्टिअरिंग तिथलंच. ज्याचं काही मोडलं, त्याला काकांनी स्वतःच्या गाडीतलं काढून दिलं. अशी रिकामी झालीय ती."



"मला हे माहीत नव्हतं," यझन म्हणाला. "पण नियम एकट्यासाठी बदलता येत नाही."

"मग सगळ्यांसाठीच बदल ना," लुबना म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच काकुळतीचा होता.

शुक्रवारी अबू नबील सगळ्यांच्या आधी आला. इस्त्रीचा सदरा घालून. लुबनाच्या स्प्रिंगांखाली त्याने बोटं घालून पाहिली आणि खूश झाला. तिने त्याला खालच्या आवाजात विचारलं, आजच्या दिवस घरी थांबला असता तर बरं झालं नसतं का?

"एवढ्या चांगल्या सकाळी?" तो म्हणाला. "आणि पोरी, तू का घामाघूम झालीस?"

यझनने पिशवी फिरवली. एकेकाने कार्ड आत टाकलं. लुबनाने पालथं टाकलं. अबू नबीलने खिशातून कडा झिजलेलं एक कार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं आणि टाकलं. यझनने भुवया उंचावल्या. स्वतःचं कार्ड त्याने न बघताच टाकलं. ते नेहमी गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात पडलेलं असे.

मग तो दूरच्या टेबलावर बसून यादी करू लागला. पाच मिनिटांचं काम, पण वीस मिनिटं झाली. त्याने एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. फलाफल निवत चालली. कुणी खाईना.

शेवटी घस्सानला राहवलं नाही. त्याने जाऊन यझनच्या हातातला कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागला.

घस्सानची गाडी, मालक त्याची बायको. लुबनाची, तिचा भाऊ. पुढच्या दोघांच्या, सासरे. मग कुणाची आई, कुणाचा मामा. पिवळ्या गाडीचा मालक, यझनच्या वडिलांची फरशांची कंपनी.

कागदाच्या तळाशी यझनने नीटस अक्षरात एकच ओळ लिहिली होती: पात्र सभासद एक, अबू नबील.