पुढचं उत्तर

सकाळी अकरा वाजता कुडाळच्या सभागृहात तावडे सर नव्या कॉम्प्युटर गेमच्या उद्घाटनाचा डाव खेळायला बसले. शेजारी दिगंबर उभा होता. शाळेत त्याला पहिल्यांदा रंगमंचावर चढवलं ते सरांनीच. या विनोदी गेममध्ये त्यानं घरमालकाचं काम केलं होतं. भाडेकरूचं उत्तर खेळणारा निवडतो, आणि चित्रित केलेला प्रसंग तसा पुढे सरकतो.

"सर, पहिलं उत्तर घ्या," दिगंबर घाईनं म्हणाला.

"ते फा-फारच साळसूद आहे रे. भांडणाचं घेऊ."

सरांनी तिसरं दाबलं. पडद्यावरच्या घरमालकानं चष्मा कपाळावर ढकलला, मान उजवीकडे कलती केली आणि "भा-भा-भाडं" म्हणत तो अडखळला. लोक हसले. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मात्र माना खाली घातल्या. ही लकब दिगंबरनंच सुचवली होती.

पुढचं उत्तर निवडेपर्यंत तोच तुकडा फिरत राहतो. "भा-भा-भाडं." हळूहळू हसू विरलं.

"सर, मी..."

"थांब." सरांची नजर पडद्यावरच होती. "मान मी डा-डावीकडे करतो."

माउस त्यांच्या हाताखाली होता. पुढचं उत्तर त्यांनी अजून निवडलं नव्हतं.