शेवटची हाक

पोलिसात पंचवीस वर्षं भरली आणि मी लांबणीवरच्या निवृत्तीच्या योजनेला पात्र ठरलो. कागदावर त्या दिवसापासून निवृत्त, पण नोकरी आणखी तीन वर्षं. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी वायरलेसवरून त्याच्या बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारतात. माझी बायको व्हर्ना वायरलेसवरच कामाला होती. माझी हाक तीच मारणार, हे लग्नापासून ठरलेलं.

योजनेच्या कागदावर सही करून मी तिला घरी फोन केला.

"आल्टन, कागदावर निवृत्त झालास ना? मग आजच मारते हाक. लवकर ये."

"अगं, तीन वर्षांनी मार. आज जादा ड्यूटी घेतलीय."

दुसऱ्याच वर्षी ती कॅन्सरनं गेली.

काल माझा शेवटचा दिवस होता. गाडीत बसून मी तिच्या जागी आलेल्या मुलीच्या आवाजाची वाट पाहत होतो. आवाज आला तो व्हर्नाचा, मी सही केली त्या संध्याकाळी माझी वाट पाहताना तिनं रेकॉर्ड करून ठेवलेला.

"चारशे बारा... चारशे बारा."

पुढे तिनं माझ्या उत्तरापुरती जागा सोडली होती.


"ठाऊक होतं, पहिल्या हाकेला ओ देणार नाहीस. घरी ये रे, जेवण निवतंय."