आजोबांची कंबर

"आता आजोबा करून दाखव," असं आजोबांनीच फर्मावलं, आणि ठकी तपासणीच्या टेबलावरून खाली उतरली. उजवा हात कंबरेवर, डावा गुडघ्यावर, तोंड काढा प्यायल्यासारखं. "आई आई गं," असं कण्हत ती डॉक्टरबाईंच्या खुर्चीपर्यंत चालत गेली.

आजोबा खूश! जन्मभर बस चालवून त्यांच्या कंबरेचा खुळखुळा झाला होता, पण पाच वर्षांच्या नातीने त्या खुळखुळ्याचं सोनं केलं होतं. घरी पाहुणा आला की हा प्रयोग ठरलेला.

"बघितलंत? हुबेहूब!" आजोबा म्हणाले. "पोरगी चालते माझ्यासारखी, म्हणून धडपडते. यात आजार कसला? पण आमच्या सूनबाईंचं आपलं राईचा पर्वत."

सुनेला सांगायचं होतं ते आल्या आल्या सांगून झालं होतं. पोर पोट दुखतं म्हणते, रात्री रडत उठते, मग बसूनच झोपते. अंथरूण ओलं करायची कधीची सुटलेली सवय परत आली आहे. पोटाची औषधं झाली, जंतांची झाली, गुण काही नाही.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. जादूच्या प्रयोगाला पुढच्या रांगेत जागा मिळालेल्या मुलासारख्या त्या बघत राहिल्या.

"छान. आता बाबा कर."

ठकीने नसलेला फोन कानाला लावला आणि मान ताठ केली. "हो सर, लगेच सर, झालंच सर!" अगदी बापच! सुनेलासुद्धा हसू आवरेना.

"आणि बाबा चालतात कसे?"

ठकी चालायला लागली. मान बाबांची, आवाज बाबांचा. पण वळताना मोकळा हात कंबरेवर गेला आणि डावा पाय फरशीवर जरासा घासला.

"अगं, बाबाची कंबर कुठे दुखते?" आजोबा म्हणाले. "चुकलीस की!"

"चुकू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आई कर."

ठकीने बोट नाचवलं. "हा पसारा कोण आवरणार? मीच ना?" आणि तरातरा निघाली. म्हणजे तोंड तरातरा निघालं, पाय मागेच राहिला.

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली सोडलं. "अय्या, पडलं! आता मी पेन कशी उचलते, ते दाखव बघू."

पाठ जराही न वाकवता ठकी गुडघे दुमडून खाली बसली. पेन घेतलं. मग मांड्यांवर हात टेकत टेकत, आपल्याच अंगावर चढत असल्यासारखी उभी राहिली. या वेळी कण्हणं नव्हतं. ओठ तेवढे घट्ट मिटलेले होते.

आजोबांचं हसू ओसरलं. स्वतःची कंबर त्यांना चांगली ठाऊक होती. "अहो, मी असा नाही उठत," ते पुटपुटले.

"मीसुद्धा नाही उठत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून तर मला कुतूहल वाटलं. माणूस बदललं की हिचा आवाज बदलतो, चेहरा बदलतो. पाठ तेवढी बदलत नाही. ती पाठ हिची स्वतःची आहे."

त्यांनी ठकीला उचलून टेबलावर निजवलं आणि किल्लीचं टोक दोन्ही तळपायांवरून हलकेच फिरवलं. उजव्या पायाची बोटं खाली वळली. डाव्या पायाचा अंगठा मात्र वर उचलला गेला. आजोबांना यातलं ओ की ठो कळलं नाही. पण डॉक्टरबाईंनी डावा पाय पुन्हा धरून तेच केलं, तेव्हा ते टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मणक्यांच्या आतून मेंदूपासून निघालेली नसांची दोरी जाते," डॉक्टरबाई सुनेला म्हणाल्या. "तिच्यावर कशाचा तरी दाब पडतोय. गाठ असू शकते. आजच हिला झोपवून एमआरआय करू. गाठ निघाली तर सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली जमेल तेवढी काढतील. तिचा तुकडा तपासला की पुढची औषधं ठरतील."

"चालेल ना ती?" सुनेने विचारलं.

"आज चालतेय, हीच जमेची बाजू. पायांतली ताकद गेली की परत आणणं अवघड असतं. म्हणून उद्यावर ढकलायचं नाही. वचन देत नाही मी, पण वेळ हातची गेलेली नाही."

सून नवऱ्याला फोन करायला बाहेर धावली. डॉक्टरबाई एमआरआयची वेळ मागायला गेल्या. खोलीत आजोबा आणि ठकी उरले.

आजोबा ठकीच्या पायांत मोजे चढवू लागले. इतक्या पाहुण्यांपुढे आपण या पोरीला मिरवलं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ठकूबाई," ते म्हणाले, "दुखत होतं तर सांगायचं नाही का गं मला?"

ठकीला नवलच वाटलं. "सांगितलं की! रोज सांगायची. तर तुम्ही सगळे वन्स मोअर म्हणायचात."

मग तिने विचारलं, "परत सांगू?"

आजोबा फरशीवर बसले. आता त्यांचं तोंड तिच्या तोंडापेक्षा खाली होतं.

"सांग," ते म्हणाले.