लागलेला वेळ

कॉम्प्युटर कुठे रखडतो ते शोधणं तिचं काम. टीमला ती बजावायची, “बटण दाबल्यापासून उत्तर मिळेपर्यंत माणूस ताटकळला, तो सगळा वेळ धरा. मधलं काही वजा करायचं नाही.” धावपटू घडवणारे, आता अंथरुणाला खिळलेले बाबा फोनवर हे ऐकून हसले. “तुझं ‘निघतेच’ मोजतो बघ!” “मोजा. तीन सेकंद वाचवले, की निघतेच.” तीन सेकंद वाचले, साहेबांनी पाठ थोपटली. ती पोचली तेव्हा बाबांना जाऊन नऊ तास झाले होते. आत्यानं त्यांचं स्टॉपवॉच हातात ठेवलं. “तुझा फोन ठेवला नि सुरू केलं. बंद करू देईनात.” आकडे अजून पळत होते: एक्केचाळीस तास, सहा मिनिटं. तिनं मनात नऊ तास वजा केले. ओशाळून परत मिळवले. आत्या डोळे पुसत म्हणाली, “आलीस ना? कर आता बंद.”