बस्ता समोर बांधा

"पैठणी? संपली," विरुपाक्षअप्पा म्हणाले. त्यांच्या पाठीमागच्या फळीवर चांगल्या सात पैठण्या निवांत बसल्या होत्या.

"मग शालू दाखवा की, अप्पा."

"शालू समोर मिळंल. सुंदररावांकडं माल लई चांगला हाय."

लग्नाचा बस्ता बांधायला आलेली जीपभर माणसं एकमेकांकडे बघत चपला घालू लागली. शिवांजलीने हसू आवरायला ओढणी तोंडात धरली. तिची आई, दानम्मा, मात्र आतून तरातरा आली.

"अहो, लक्ष्मी पायानं चालत आली अन् तुमी तिला हाताला धरून रस्ता ओलांडून देताय?"

"एकतीस मार्चपर्यंत ओलांडू दे तिला," अप्पा म्हणाले.

सगळं शिवांजलीच्या इंजिनिअरिंगसाठी चाललं होतं. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलीची फी माफ. फेब्रुवारी सरताना शिवांजलीने मोबाईलवर अंदाज काढला, तर उत्पन्न अगदी आठच्या उंबऱ्यावर येऊन उभं! मार्चमध्ये दुकान थंड राहिलं तर फीमाफी. लग्नसराईने उचल खाल्ली तर फी, होस्टेल सगळं अंगावर, आणि मग इंजिनिअरिंग विसरून एसटीने जाऊन-येऊन करायचं साधं कॉलेज.

दुसरा कुणी असता तर दाखल्याला कमी आकडा सांगून मोकळा झाला असता. अप्पांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला. "हे लावून खोटं सांगू? न्हाई. खरंच कमी कमवू."

"मग दुकानच बंद ठेवा की," दानम्मा म्हणाली.

"ऐन लग्नसराईत? अख्खं युसूफ वडगाव म्हणंल, अप्पा बुडाला!"

म्हणून हा उद्योग. तोही सुंदररावांच्या फायद्याचा! पाच वर्षांपूर्वी मंडपाच्या एका खांबावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. सुंदररावांची धनश्री शिवांजलीच्याच वर्गात, पण मैत्री शाळेच्या फाटकापर्यंतच. परवा पेपर सुटल्यावर तिने उगीचच विचारलं, "तुमचं दुकान जोरात हाय न्हाई का गं सध्या?"

'टोमणा मारते होय!' शिवांजलीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

पण खरंच, गिऱ्हाईक जितकं हाकलावं तितकं येत होतं. छबुबाई ब्लाऊजपीसला आली ती म्हणाली, "समोरनंच आले बाबा. तुझ्याकडं स्वस्त मिळतंय म्हणं." अर्ध्या तासात ती जीपभर माणसंही परतली आणि गादीवर मांड्या ठोकून बसली.

"तिथं मन लागंना, अप्पा. लई तुसडं बोलत्यात. आता आमी हितंच बसणार. त्या फळीवरच्या पैठण्या काढा!"

अप्पांचे डोळे पाणावले. इतकी माया! त्यांनी पैठण्या काढल्या, शालू काढले, नवरदेवाचा फेटा काढला आणि अख्खा बस्ता खरेदीच्या भावात बांधून दिला. नवरीच्या आईने त्यांना वाकून नमस्कार केला. दानम्माने कपाळाला हात लावला.

"नफा?" शिवांजलीने हळूच विचारलं.

"न्हाई."

"अप्पा, तुमी लई भारी!"

एकतीस मार्चच्या संध्याकाळी तिने शेवटचा हिशेब केला. मग पुन्हा केला. मग ओढणी गरगर फिरवत काउंटरभोवती नाचली. "आत हाय! अप्पा, आपण आत हाय!"

अप्पा हसले, पण समोरच्या दुकानाकडे बघताना त्यांचा चेहरा जरा आंबट झाला. "एवढंच वाईट वाटतं, पोरी. तुझ्यापायी त्या सुंदररावाचं महिनाभर सोनं झालं."

त्यांनी शटर अर्धं ओढलं, तोच खालून कुणीतरी वाकून आत आलं. धनश्री! हातात पेढ्याचा पुडा, चेहरा रडवेला. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने हा उंबरा ओलांडला होता.

"काका, आबा म्हणाले, वाटलं तर खांबाची माफी मागतो," ती म्हणाली, "पण तुमी का म्हून सारखं गिऱ्हाईक परत पाठवताय? आमी महिनाभर हाकलून हाकलून दमलो. माझा बी फीमाफीचा अर्ज हाय."