भिंतीवरची दुपार

मुलांनो, अशी एक भिंत डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर दिवेलागणीला भर दुपारची सावली पडते.

निघोजेच्या माळावर कंटेनरएवढ्या बॅटऱ्या उभ्या होत्या. दुपारच्या उन्हाची वीज त्या साठवून ठेवायच्या आणि सूर्य बुडाल्यावर देशभर सोडायच्या. तिथेच एका दुपारी सादिकाचे अब्बू, गुलजार फिटर, शिडीवरून पडून वारले. साधी शिडीही कुणी धरली नव्हती. ठेकेदार दादासाहेब मात्र भरपाई टाळायला गावभर सांगत सुटला, "गुलजार त्या दिशी कामावर आलाच न्हवता."

त्या दिवसापासून संध्याकाळी वीज सुटू लागली, बॅटऱ्या घुमू लागल्या, की शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर शिडी चढणाऱ्या माणसाची सावली उमटायची. समोर ना शिडी असायची, ना माणूस. दादासाहेबाने भिंत पुन्हा रंगवून घेतली. सावली नव्या रंगावर आली.

एका संध्याकाळी सादिका थेट फाटकातून आत शिरली. दादासाहेबासमोर उभं राहून तिने भिंतीवरच्या सावलीकडे बोट दाखवलं.

"हे कोण आहे मग?"

"खांबाची सावली हाय ती, पोरी. घरी जा."

"खांब लंगडतो का हो, दादासाहेब? माझे अब्बू लंगडायचे."

कामगारांत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण रोज वर चढत जाणारी ती सावली मध्येच थांबली होती. मग ती लंगडत एकेक पायरी उतरली, सादिकाच्या उंचीपर्यंत वाकली आणि तशीच राहिली.

सादिकाने विटेचा तुकडा उचलला आणि पायांपासून सावलीची कड भिंतीवर गिरवायला घेतली.