अध्यक्षीय मार्गदर्शन

"नव्या कवीला घडवणं म्हणजे पाषाणातून परमेश्वर बाहेर काढणं!" नवोदितांच्या शिबिराचे अध्यक्ष, ज्येष्ठ कवी भार्गवराव टेंभेकर गरजले. माइक बंद असल्यामुळे त्यांना पुन्हा गरजावं लागलं, तेव्हा मात्र खोकला आला.

पुढच्या रांगेत शलाका जीव मुठीत धरून बसली होती. टेंभेकरांच्या दिवाळी अंकात तिची पहिली कविता छापून येणार की नाही, हे आज ठरणार होतं.

दुपारी त्यांनी तिला समोर बसवून कवितेवर लाल पेन चालवलं. "हा चंद्र कशाला? काढ. काळजाला पीळ? तो आमच्या पिढीनेच वापरून सैल केलाय. काढ."

"सर, मग उरलं काय?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजत शब्दकोडं सोडवणारी तुझी आई. ती तू पाहिलीयस. बाकीचं नुसतं वाचलंयस."

शलाकाला राग येणार होता, पण उरलेल्या चार ओळी वाचल्यावर तो यायचा राहिला.

"ह्या अंकात घेतो," टेंभेकर म्हणाले, आणि शलाकाला सभागृहाचं छत ठेंगणं झालं.

संध्याकाळच्या कविसंमेलनात तिने त्या ओळी वाचल्या, टाळ्या घेतल्या आणि आईला बातमी सांगायला पर्स उचलली. बाकीचे कवी आपापली कविता होताच पसार झाले होते. रिवाजाप्रमाणे अध्यक्षांची कविता सगळ्यात शेवटी होती.

टेंभेकर व्यासपीठावरून वाकून हळूच म्हणाले, "शलाकाताई, माझी एकच आहे, छोटीशी. तेवढी ऐकून जाल?"